जुना डेस्कटॉप अपग्रेड करावा की नवा घ्यावा?

आपण लिहिले आहे की २०१४ साली असेंबल करून घेतलेला आपला डेस्कटॉप (चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्डडिस्क, विंडोज १०) सुरू व्हायलाच पाच मिनिटे घेतो, दुकानदार नवा घ्यायला सांगतो, आणि आपले काम मात्र सोसायटीचे हिशेब, बँकेचे व्यवहार व मराठी टंकलेखन एवढेच आहे. माझ्याकडेही त्याच काळातला डेस्कटॉप होता, त्यामुळे काही गोष्टी अनुभवाने सांगू शकतो.

प्रथम दुखणे नेमके कुठे आहे ते पाहावे. संगणक रेंगाळत असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. प्रोसेसरचा आकडा १५-२० टक्क्यांवर आणि डिस्कचा १०० टक्क्यांवर अडकलेला दिसला, तर प्रोसेसर बिचारा रिकामा बसून डिस्कची वाट पाहत आहे असे समजावे. आपल्याकडे बहुधा हेच दिसेल. मात्र येथे एक गफलत होते. रॅम (चालू कामाची तात्पुरती जागा) अपुरी पडली की विंडोज उरलेला माल डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तसा परत आणते, त्यामुळे रॅमची टंचाईसुद्धा वरून डिस्कचाच दोष वाटते. म्हणून डिस्क आणि रॅम या दोहोंचा विचार एकत्रच करावा लागतो.

हार्डडिस्कमध्ये फिरती तबकडी आणि तिच्यावर सरकणारी सुई असते, आणि विखुरलेल्या शेकडो लहान फायली गोळा करताना तिचा बहुतेक वेळ नुसत्या धावपळीत जातो. एसएसडी म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क; तिच्यात फिरणारे काहीच नसल्यामुळे हा वेळ जवळजवळ उरत नाही. अडीच इंची साटा (हार्डडिस्कसारखीच केबलने जोडली जाणारी) एसएसडी घ्यावी, कारण त्या काळच्या बहुतेक मदरबोर्डांवर एम-डॉट-टू प्रकाराची (थेट बोर्डावर बसणाऱ्या पट्टीसारख्या एसएसडीची) जागा नसते. रॅम ८ जीबी करावी, पण ती डीडीआर-३ जातीचीच लागेल. मी एवढे केले तेव्हा माझा संगणक अर्ध्या मिनिटात सुरू होऊ लागला, आणि तिथेच थांबलो असतो तर बरे झाले असते.

मी थांबलो नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून त्याच सॉकेटचा (बोर्डावरच्या प्रोसेसरच्या बैठकीचा) जुना आय-सेव्हन प्रोसेसर आणून बसवला, आणि तीन महिन्यांत मदरबोर्डच गेला. नव्या बोर्डावर तो प्रोसेसर बसत नव्हता, आणि डीडीआर-३ रॅमची खाच वेगळ्या जागी असल्यामुळे तीही निरुपयोगी ठरली. एसएसडी, मॉनिटर आणि कीबोर्ड मात्र नव्या संगणकावर सुखाने नांदले. तेव्हापासून कोणताही भाग घेताना तो पुढच्या संगणकात जाईल का, हे मी आधी पाहतो. आपल्या बाबतीत एसएसडी जाईल, रॅम जाणार नाही, म्हणून रॅमवर मोजकाच खर्च करावा, आणि प्रोसेसरवर तर एक रुपयाही घालू नये.

आता राहिला विंडोजचा प्रश्न, आणि माझ्या मते खरा निर्णय त्यावरच ठरतो. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नोंदणी केल्यास घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात. विंडोज ११ला इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) लागते, म्हणजे आपला संगणक त्यात अधिकृतपणे बसत नाही. पळवाटा आहेत, पण ज्यावर बँकेचे व्यवहार आणि चार लोकांच्या पैशांचे हिशेब होतात तिथे मी त्या वापरणार नाही. विंडोजऐवजी वापरता येणारी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली या संगणकावर व्यवस्थित चालेल. फक्त आपले मराठी टंकलेखन युनिकोडमध्ये (कोणत्याही संगणकावर वाचता येणाऱ्या पद्धतीत) आहे की विंडोजवरच्या एखाद्या जुन्या फॉन्टच्या पॅकेजमध्ये, हे आधी पाहून घ्या, कारण दुसऱ्या बाबतीत अडचण येईल.

मी आपल्या जागी असतो तर आज एसएसडी आणि थोडी रॅम घालून अपडेटच्या मुदतीपर्यंत काम चालवले असते, आणि तोवर नव्यासाठी पैसे बाजूला ठेवले असते. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव बरेच चढले असल्यामुळे घाईने नवा घेण्यात फायदाही दिसत नाही. अपवाद एकच: संगणक मधूनच बंद पडत असेल किंवा मदरबोर्डवरचे कपॅसिटर (छोटी नळकांडी) फुगलेले दिसत असतील, तर त्यावर खर्च करू नका.

एसएसडी बसवून घेताना जुनी हार्डडिस्क दुकानात ठेवून येऊ नका. सोसायटीचे सगळे हिशेब तिच्यावर आहेत. त्यांची प्रत आधी पेनड्राइव्हवर काढा, आणि नव्या डिस्कवर सगळ्या फायली उघडून पाहिल्याखेरीज जुनी पुसू नका.