टायोगा खिंड केव्हा पाहावी?

प्रश्न : सोलापूरचा उन्हाळा चुकवून आम्ही साठीतले पती-पत्नी मे महिन्यात कॅलिफोर्नियात मुलीकडे जात आहोत. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातील टायोगा खिंड पाहता येईल का? विरळ हवेचा त्रास होईल का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : मे महिन्याचा भरवसा धरू नये. ३,०३१ मीटर उंचीवरील या खिंडीचा रस्ता साधारणतः नोव्हेंबरपासून हिमामुळे बंद असतो आणि तो मेअखेरीस उघडेल की जून उलटल्यावर, हे त्या वर्षीच्या हिमावर ठरते. म्हणून मुक्काम जुलैपर्यंत लांबवता आल्यास उत्तम. (तोवर सोलापुरातही पावसाळा लागलेला असेल, हे खरे!) तेथील हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे सत्तर टक्केच असल्याने, साडेचारशे मीटरच्या आसपास राहणाऱ्या तुम्हांला चालताना धाप लागणे स्वाभाविक आहे. आदल्या रात्री मध्यम उंचीवर मुक्काम करावा, भरपूर पाणी प्यावे आणि डोकेदुखी वा मळमळ वाढू लागल्यास विश्रांतीची वाट न पाहता खाली उतरावे. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा विकार असल्यास डॉक्टरांना आधी विचारावे. उन्हाळ्यात दुपारी तेथे विजांसह पाऊस येतो, त्यामुळे सकाळीच निघून टेनाया सरोवर व टुओलमी कुरणे निवांत पाहावीत. गाडीत इंधन मात्र आधीच भरून घ्यावे.