झोपेचे सोडा, राजीनाम्याचे बघा

पुण्यातल्या वाकडच्या एका गृहसंकुलात सहा वर्षे गार्ड असलेल्या वाचकाचे पत्र आहे. असलीच पत्रे सतत येतात. रिलिव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा गार्ड, आला नाही म्हणून दिवसपाळीला जोडून रात्रपाळी केली, पहाटे खुर्चीत डोळा लागला. कमिटीतल्या एकाने फोटो काढून ग्रुपवर टाकला. 12 जूनला त्यांना कामावर ठेवणाऱ्या सुरक्षा एजन्सीच्या सुपरवायझरने ‘काम असमाधानकारक’ म्हणत टाइप केलेल्या राजीनाम्यावर सही घेतली. वाचक पेरणीला गावी गेले आणि आता, ऑगस्टच्या शेवटी, विचारतात: डबल ड्युटीत झोप लागली तर ते गैरवर्तन कसे?

तुमची दोन पाने थकवा, बुडालेल्या सुट्ट्या आणि रहिवाशांची अरेरावी यांवर आहेत. खोटे काहीच नसणार. चोवीस तास जागवून वर ‘समाधानकारक काम’ मागायचे, याला काय म्हणावे! पण तुमचे प्रकरण झोपेवर ठरणार नाही, त्या सहीवर ठरेल.

वर्षात 240 दिवस भरलेल्याला कामावरून काढायचे तर आरोपपत्र देऊन चौकशी करावी लागते, नाहीतर महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे 15 दिवसांच्या पगाराची भरपाई द्यावी लागते. ‘वैयक्तिक कारणास्तव’ राजीनामा मिळाला की एजन्सीचे हे सगळेच वाचते. म्हणून तर कागद तयार करून आणला होता. जबरदस्ती झाली हे आता तुम्हाला सिद्ध करायचे आहे. कोर्ट आधी विचारेल, दुसऱ्या दिवशी लेखी हरकत का घेतली नाही? पेरणीचे कारण तिथे चालेलच असे नाही.

अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या (कामगाराला अन्यायाने काढणे त्यातच येते) 1971 च्या महाराष्ट्राच्या कायद्यात कलम 28 खाली तक्रारीची मुदत 90 दिवस आहे. तुमची 10 सप्टेंबरला संपते. सबळ कारण दाखवले तर उशीर माफ होतो, पण त्या अर्जावरच तारखांमागून तारखा पडतील. आधीच आपली कोर्टे कशी चालतात ते सांगायला नको. आज एजन्सीला स्पीड पोस्टाने कळवा, ‘सही दबावाखाली घेतली, राजीनामा मान्य नाही, कामावर यायला तयार आहे’, आणि पावती जपा. याच आठवड्यात वकील गाठून पुण्याच्या कामगार न्यायालयात तक्रार दाखल करा. जुने कामगार कायदे एकत्र करून केंद्राने केलेल्या नव्या कामगार संहितांमुळे तांत्रिक हरकती येऊ शकतात, त्या वकील बघेल. एजन्सी नव्हे, सोसायटीच आपली खरी मालक, हा वाद मात्र या तक्रारीत घुसडू नका. मालक-कामगार नातेच वादात असेल तर या कायद्याखाली तक्रार चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सिप्लाच्या प्रकरणात 2001 मध्ये सांगितले आहे.

झोपेबद्दल थोडक्यात. भारत फोर्जच्या प्रकरणात 2005 मध्ये झोपलेल्या कामगाराची बडतर्फी कायम झाली, पण त्याच्या नावावर आधीच्या तीन चुका होत्या. तुम्हाला कधी मेमो, म्हणजे लेखी ताकीद, मिळाला नसेल, तर गेटच्या रजिस्टरमधली त्या दोन्ही पाळ्यांची नोंद तुमच्या बाजूने बोलेल. वही हाती लागणार नाही, कोर्टातून मागवून घ्या. पाळी बदलताना ग्रुपवर टाकलेले फोटो तुमच्याच मोबाइलमध्ये असतील, ते पुसू नका.

पीएफ काढण्याच्या अर्जात नोकरी सोडल्याचे कारण ‘राजीनामा’ लिहू नका. हिशेबाचा चेक घेतलात तर पावतीवर ‘हरकत राखून’ असे स्वतःच्या अक्षरात लिहा. ओव्हरटाइम दुप्पट दराने मागता येतो आणि वेतन संहितेत दाव्याला 3 वर्षे आहेत. जुन्या महिन्यांबद्दल वाद निघेल, पण ते 10 सप्टेंबरनंतर बघू.