मुलीच्या नावाने केलेला नवस

पत्राचा गोषवारा: मी राहुरी तालुक्यात माध्यमिक शिक्षक आहे. मुलगी बारावी सायन्सला, वय १७. जन्मतः ती वाचेल अशी आशा नव्हती. बायबलमधल्या हन्नाप्रमाणे मीही नवस केला, की वाचली तर तिला मिशन डॉक्टर करीन. माझी बहीण टेक्सासला असते. तिची चर्चची मंडळी दर जूनमध्ये केनियात दोन आठवड्यांचं वैद्यकीय शिबिर घेते. नीट परीक्षा झाल्यावर मुलीला त्यांच्याबरोबर पाठवायचं ठरवलं आहे. खर्च पावणेतीन लाख, पतसंस्थेचं कर्ज काढतो आहे. तिथे विद्यार्थ्यांना टाके घालायलाही शिकवतात, प्रमाणपत्रही मिळतं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या (सीएमसी) प्रवेशाला त्याचा किती उपयोग होईल? नीटच्या सराव परीक्षांत तिला ३८० च्या आसपास गुण पडतात. ती अलीकडे फार बोलत नाही. लॅबमधलं काम आवडतं म्हणते, पण ती काही सेवा नव्हे.

आदरणीय सर,

वेल्लोरचं उत्तर पुढे देतो. आधी ‘ती अलीकडे फार बोलत नाही’ या ओळीबद्दल. एवढ्या मोठ्या पत्रात मुलीचं स्वतःचं म्हणणं एकाच वाक्यात आलंय, आणि तेही तुम्ही ‘पण’ लावून बाजूला सारलंय.

बारावीला घरोघरी दडपण असतं. तुमच्या घरातलं मात्र वेगळं आहे. इतर घरांत गुण कमी पडले की वडील चिडतात, आई समजूत घालते, दोन दिवसांत विषय मिटतो. इथे कमी गुण म्हणजे देवाला दिलेला शब्द मोडणं, आणि तो शब्द तिने दिलेलाच नाही. तिने बोलायचं तरी कुणाशी? आईवडील, आत्या, पाळकसाहेब, सगळेच त्या नवसाचे साक्षीदार. वर कर्ज काढून पाठवलंत, तर परत आल्यावर ‘मला हे नको’ म्हणायची उरलीसुरली जागाही जाईल.

हन्नाचा दाखला तुम्हीच दिलात म्हणून सांगतो. तिने मुलाला, शमुवेलाला, देवाला वाहिलं हे खरं, पण रात्री देवाची हाक आली ती शमुवेलाला, त्याच्या नावाने. हन्नाला ती ऐकू आली नाही, मंदिरातल्या याजक एलीलाही नाही. पोरगा तीनदा उठून आला तेव्हा कुठे एलीच्या लक्षात आलं, आणि त्याने काय केलं, तर मुलाला परत पाठवून स्वतः ऐकायला सांगितलं. मुलीचं पाचारण तुम्ही तिच्या वतीने ऐकू शकत नाही.

तिची झोप किंवा जेवण कमी झालं असेल, तर करिअरचा विषय महिनाभर बंद ठेवा. टेली-मानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे. नंबर तिला द्या आणि बोलताना खोलीबाहेर थांबा.

आता प्रमाणपत्र. वेल्लोरच्या सीएमसीत एमबीबीएसला नीटशिवाय प्रवेश नाही. मंडळ्यांनी पुरस्कृत केलेल्या उमेदवारांसाठी तिथे सोय आहे, पण नीट त्यांनाही लागते, पुरस्कृत करणारी संस्था सीएमसीशी जोडलेली असावी लागते आणि पदवीनंतर दोन वर्षं गरजेच्या ठिकाणी सेवा करण्याचा करार करावा लागतो. या सगळ्यात शिबिराच्या प्रमाणपत्राला कुठेही रकाना नाही. आत्याच्या ओळखीने अमेरिकेत काही जमेल असा विचार असेल, तर तिथे आधी पदवी लागते, मग मेडिकल. शिवाय तिथल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेने २०११ मध्येच विद्यार्थ्यांना बजावलं आहे, की परदेशातल्या शिबिरात आपल्या शिक्षणाबाहेरचं काम करू नका, प्रवेशाच्या वेळी ते तुमच्या विरोधात जाऊ शकतं. म्हणजे ज्या टाक्यांचं तुम्हाला कौतुक आहे, तेच अर्जात लिहिले तर अंगाशी येतील.

त्या टाक्यांबद्दल स्पष्टच लिहितो, कारण ते वाचून राग आला. टेक्सासची बारावीतली मुलगी राहुरीच्या ग्रामीण रुग्णालयात तुमच्या आईच्या जखमेला टाके घालायला बसली, तर चालवून घ्याल? केनियात परदेशी डॉक्टरलासुद्धा तात्पुरता परवाना काढावा लागतो, नर्सला तिथल्या नर्सिंग कौन्सिलचा. बारावीच्या मुलीला असा परवाना कोण देणार? तिथे क्लिनिकल ऑफिसर नावाचा वर्ग आहे, तीन वर्षांचा डिप्लोमा करून आलेला. खेड्यापाड्यात पुष्कळ रुग्ण तेच तपासतात. त्यांच्यासमोर आपल्या मुलीने सुई हातात घ्यावी, असं तिच्याकडे काय आहे? शेजारच्या युगांडात जिंजा इथे वैद्यकीय शिक्षण नसलेल्या एका अमेरिकी मिशनरी तरुणीने कुपोषित मुलांसाठी केंद्र चालवलं. २०१९ मध्ये तिथल्या दोन मातांनी कोर्टात धाव घेतली. हेतू चांगला असणं ही पात्रता नव्हे.

शिबिरं सगळीच वाईट नसतात. पण १४ दिवसांतून प्रवास, मांडामांड आणि रविवारची उपासना वजा केली, की रुग्ण तपासायला आठवडाभरच उरतो. रक्तदाब सापडला की ३० दिवसांच्या गोळ्या देतात. एकतिसाव्या दिवशी काय? हर्नियाच्या जखमेत पू झाला तर तो बहुधा आठवड्याभराने दिसतो, तोवर टीम विमानात बसलेली असते. औषधांचंही तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांप्रमाणे दान केलेल्या औषधाची मुदत तिथे पोचल्यावर निदान एक वर्ष शिल्लक हवी, आणि डॉक्टरांना मिळालेली सॅम्पल किंवा रुग्णांनी परत केलेल्या गोळ्या द्यायच्या नाहीत. किती बॅगांमध्ये नेमकं तेच भरलेलं असतं, हे बहिणीला विचारून पाहा. याउलट केनियातल्या टेनवेक किंवा किजाबेसारख्या जुन्या मिशन रुग्णालयांत बाहेरचे तज्ज्ञ जातात ते तिथल्या डॉक्टरांबरोबर काम करायला आणि शिकवायला. आफ्रिकेतल्याच तरुणांना सर्जन करण्याचं काम पॅन-आफ्रिकन अकॅडमी ऑफ ख्रिश्चन सर्जन्स ही संस्था १९९६ पासून करते आहे. रुग्ण मागे कुणाच्या हवाली करणार, याचं उत्तर ज्या टीमकडे आहे तिच्याबरोबर जायला हरकत नाही, पण हातात काहीतरी विद्या घेऊन.

आणि ती विद्या लॅबची का असू नये? ताप मलेरियाचा आहे की नाही, हे स्लाइड पाहणारा सांगतो. सिझेरियनला रक्त लागलं तर गट जुळवून पाहिल्याशिवाय पिशवी लावता येत नाही, आणि ते काम रात्री दोन वाजताही करावं लागतं. आडगावच्या दवाखान्यात सर्जन असून तंत्रज्ञ नसेल तर मोठं ऑपरेशन पुढे ढकलावं लागतं. जामखेड तुमच्याच जिल्ह्यात. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे काम सुरू केलं. दोघेही वेल्लोरलाच शिकलेले, आणि त्यांनी गावाचं आरोग्य सोपवलं गावातल्याच बायकांवर, ज्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या बायकांचं काम सेवा नव्हतं, असं तुम्ही म्हणणार नाही.

अभ्यासक्रमांचं थोडक्यात: ३८० ला सरकारी एमबीबीएस धरून चालू नका, फार्मसीला एमएचटी-सीईटी, नर्सिंगला बी.एस्सी. नर्सिंगची वेगळी सीईटी; लॅबसाठी पदवीही आहे आणि डीएमएलटीसारखे डिप्लोमेही, संस्थेची मान्यता मात्र तपासून घ्या.

पुढे शिक्षण झाल्यावर तिला स्वतःला परदेशी जावंसं वाटलं, तर तयारी सहा महिने आधी सुरू होते. हिपॅटायटिस बी चे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी, मग अँटीबॉडीची तपासणी. पीतज्वराची लस अधिकृत केंद्रातच, प्रवासाच्या किमान १० दिवस आधी. तिचं प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं, पण ते नसेल तर केनियाहून परतताना भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. मलेरियासाठी डॉक्सीसायक्लिन दिली, तर परत आल्यावरही चार आठवडे घ्यायची असते. नेमकी तीच लोक घरी आल्यावर सोडतात आणि तापाने पडतात. सुई टोचली तर एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, पुढे २८ दिवस. ती टीमच्या पेटीत आहेत का, हे लेखी विचारायचं.

सध्या पतसंस्थेच्या कागदावर सही करू नका. नीट झाली की ओळखीच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मालकाला विचारून तिला आठवडाभर बसू द्या. फक्त पाहायचं, नमुन्यांना हात लावायचा नाही. नमुना नोंदवण्यापासून रिपोर्टवर सही होईपर्यंत काय काय घडतं, ते कळलं तरी पुष्कळ. कंटाळली तर तेही समजेल, आणि कर्ज न काढता. बहिणीला मात्र आजच कळवा, की जूनची जागा दुसऱ्या कुणाला द्यावी. तिकिटं निघाल्यावर कळवलंत, तर पैसे पूर्ण परत मिळतीलच असं नाही.