कौलाचा ‘आदर’ करत नाहीत, कौल पाळतात

प्रश्न असा आला आहे: “ब्रेक्झिटबद्दल मराठीत वाचताना ‘सार्वमताच्या कौलाचा आदर केला पाहिजे’ हे वाक्य सारखे भेटते. सार्वमत आणि कौल एकच का? आणि असा कौल नेत्यांवर बंधनकारक असतो का?”

सार्वमताचे लवकर आटोपू. सर्वांना विचारले ते सार्वमत. सर्वांचे एकमत झाले असा त्याचा अर्थ नाही, त्यासाठी ‘सर्वानुमत’ आहे. म्हणून २०१६ मध्ये ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने ५१.८९ टक्केच मते पडली, मग ते सार्वमत कसले, हा आक्षेप टिकत नाही. सार्वमत घेतात आणि त्यातून कौल मिळतो. ‘जनमत चाचणी’ ही तिसरीच गोष्ट. थोड्या लोकांना विचारून बांधलेला तो अंदाज असतो. गोव्यात १६ जानेवारी १९६७ रोजी झाला तो जनमत कौल होता. त्याला चाचणी म्हणू नये. त्यासाठी केलेल्या कायद्याच्या इंग्रजी नावात ‘ओपिनियन पोल’ होते, तिथून हा घोटाळा शिरला.

खरी चीड येते ती ‘आदर’ या शब्दाची. आदर वडीलधाऱ्यांचा करतात. कौल देतात, घेतात, पाळतात किंवा मोडतात. ‘आदर करतो’ म्हणून स्वस्थ बसता येते. ‘पाळतो’ म्हटले की काय केले ते दाखवावे लागते.

आता मूळ शब्द. कौल अरबी ‘क़ौल’वरून आला. अर्थ बोलणे, उच्चारलेला शब्द. ‘कव्वाल’ आणि ‘कव्वाली’ त्याच धातूची लेकरे. मराठीत आल्यावर त्याला वजन आले ते दप्तरात. इस्ताव्याचा कौल घ्या. पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्या रयतेला सरकार लिहून देई की पहिली काही वर्षे सारा कमी, मग दरसाल ठरल्याप्रमाणे चढत जाऊन अमुक वर्षी पूर्ण दर. अंमलदाराने मध्येच पूर्ण सारा मागितला की कौल मोडला, आणि रयत गाव सोडून जाई. तिला परत आणायला पुन्हा अभयाचा कौल द्यावा लागे. म्हणजे मुळात कौल देणारा बलवान आणि घेणारा दुबळा, आणि बंधन होते ते बलवानावर.

देवाचा कौलही हाच. त्याला शाक्तांच्या, म्हणजे देवीच्या उपासकांच्या, कौलमार्ग या तांत्रिक पंथाशी जोडणाऱ्यांचे मला मुळीच पटत नाही. नुसते ध्वनिसाम्य धरून व्युत्पत्ती सांगायची, तर छपरावरचे कौलही तंत्रमार्गी ठरेल! ते कौल नपुंसकलिंगी, अनेकवचन कौले. हा कौल पुल्लिंगी. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात तेव्हा गुरव ओल्या पाकळ्या मूर्तीला चिकटवतो, गाऱ्हाणे घालतो आणि प्रश्न स्पष्ट शब्दांत मांडतो. सर्वसाधारणपणे उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. देवाने शब्द दिला, एवढाच त्याचा अर्थ. पण या रीतीतली मेख प्रश्नात आहे. ‘लग्न करावे का’ असे विचारून उजवी पाकळी मिळाली, तर ती कोणत्या घरी आणि किती खर्चात हे सांगत नाही.

ब्रिटनमध्ये घोळ झाला तो इथे. २३ जून २०१६ च्या मतपत्रिकेवर युरोपीय संघात राहायचे की संघ सोडायचा, एवढेच दोन पर्याय होते. सामाईक बाजारपेठेचे काय, जकात संघाचे काय, यावर एक अक्षर नव्हते. ‘सोडा’ हा कौल मिळाला. कसे सोडा हा मिळालाच नव्हता, तरी प्रत्येक गट तो आपल्याकडे असल्यासारखा बोलत राहिला. १५ जानेवारी २०१९ रोजी बाहेर पडण्याचा करार संसदेने ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला. त्या ४३२ मध्ये राहू इच्छिणारे होते तसे आणखी कडक फारकत हवी असणारेही होते.

बंधनाचे म्हणाल तर कायद्याने नव्हते. ब्रिटनमध्येच २०११ साली मतदानपद्धतीवर सार्वमत झाले, त्याच्या कायद्यात होकार आल्यास मंत्र्याने बदल अमलात आणावा असे कलम होते. ब्रेक्झिटच्या सार्वमतासाठी केलेल्या २०१५ च्या कायद्यात तसे काही नव्हते. सर्वोच्च न्यायालयानेही २४ जानेवारी २०१७ रोजी ८ विरुद्ध ३ मतांनी सांगितले की संसदेचा कायदा झाल्याशिवाय सरकारला बाहेर पडण्याची नोटीस देता येणार नाही. पण सरकारने मतदानाआधी घरोघरी पत्रक पाठवले होते: निर्णय तुमचा, तुम्ही ठरवाल ते सरकार अमलात आणेल. हा अस्सल जुन्या अर्थाचा कौल! लोकांनी नंतर दिला तो दुसरा. म्हणून माझ्या मते संघ सोडणे नेत्यांवर बंधनकारक होते, कारण पहिला शब्द त्यांनी दिला होता. सोडण्याची रीत मात्र कोणावरच बंधनकारक नव्हती.

गोव्यात प्रश्न नीट होता. फुलाला मत म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानांना मत म्हणजे केंद्रशासित प्रदेश. दोन्हींचा परिणाम मतदाराला ठाऊक होता. विलीनीकरणवादी मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या सरकारने मतदानाआधी राजीनामा दिला. पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते पडली. बांदोडकर त्याच वर्षी निवडणूक जिंकून पुन्हा मुख्यमंत्री झाले, तरी विलीनीकरण झाले नाही. याला कौल पाळणे म्हणतात. १९८७ मध्ये गोवा राज्य झाले तेव्हा पानांचा केंद्रशासित दर्जा गेला, पण कौल मोडला नाही. त्याचा गाभा ‘विलीन नको’ हा होता.

‘पुन्हा विचारले तर कौल मोडतो का’ हा उपप्रश्न उरतो. इस्ताव्याच्या कौलाला मुदत असे. ती सरली की नवा कौल. ब्रिटनने १९७५ मध्ये ६७ टक्क्यांनी राहण्याचा कौल दिला होता, तो ४१ वर्षे पाळला आणि मग पुन्हा विचारले. त्यात गैर काही नव्हते. २०१६ चा कौल मात्र अमलात येण्याआधीच पुन्हा लावा असे म्हणणे म्हणजे उजवी पाकळी पडलेली असताना ती उचलून परत चिकटवणे.