नारळ कधी द्यायचा?

प्रश्न : मँचेस्टर युनायटेड ही फुटबॉल टीम हरली की मुलगा म्हणतो, मॅनेजरला हाकला. मी म्हणतो, जुने मॅनेजर फर्ग्युसन यांनाही वेळ दिलाच होता ना? कोण बरोबर?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : काका, दाखला अर्धाच देताय. फर्ग्युसन आले १९८६ ला. १९८९ च्या डिसेंबरात ओल्ड ट्रॅफर्ड या घरच्या मैदानावरच ‘चालते व्हा’ म्हणणारा फलक झळकला. एफए कप स्पर्धा जिंकली १९९० ला, इंग्लंडची लीग थेट १९९३ ला. पण मधल्या काळात त्यांनी खेळाडूंची दारूबाजी मोडली, पोरांची नवी फळी उभी केली. तुमच्या आताच्या मॅनेजरसाहेबांचं असं काही दिसतंय का? नसेल तर धीर कसला धरताय! चिरंजीवांनाही विचारा, फर्ग्युसननंतर आलेल्या मोयेसला दहा महिन्यांच्या आत नारळ देऊन काय साधलं? आणि रात्री दीडच्या मॅचला आरडाओरडा जरा बेतानं. चाळीत माणसं झोपतात हो.