कारल्याचा वेल आणि उघडं दार

पिल्लू,

आत्ता बॅग भरताना तू विचारलंस आणि मी "पूर्वी तसंच असायचं" म्हणून मोकळी झाले. ते उत्तर नव्हतं. तुला झोपायला पाठवायचं होतं, दुसरं काय! म्हणून हे लिहून तुझ्या स्वेटरच्या घडीत ठेवते आहे. सहलीच्या मुक्कामी पोचलीस की सापडेल.

तुझा प्रश्न असा : रविवारी व्हिडिओ कॉलवर आजीच्या अंगणात त्या मुली टिपऱ्या वाजवत हसत-हसत जे गाणं म्हणत होत्या, त्यातली सून स्वतःच्या घरी जायला सासूची परवानगी का मागते? आणि उशीवर डोकं टेकवता टेकवता, तुझ्या गोष्टीच्या पुस्तकातली हायडी आठवून तू म्हणालीस, "हायडी शेवटी घरी तरी गेली. हिचं काय झालं?"

आधी अंगणाचं सांगते. आपल्या विदर्भात, दर्यापूरकडे भाद्रपदातल्या पौर्णिमेला मातीची भुलाबाई बसते, शेजारी भुलोजी, वर ज्वारीच्या धांड्यांचं मखर. कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी मुली घरोघर जाऊन गाणी म्हणतात. भुलाबाई म्हणजे माहेरी आलेली पार्वती. म्हणजे बघ, जी माहेरी पोचली तिच्यापुढे बसून, जिला जाता येत नाही तिचं गाणं!

त्या गाण्यात सासू 'नाही' म्हणत नाही, हे लक्षात घे. ती 'आधी' म्हणते. आधी कारल्याचा वेल लाव, मग जा. वेल लावला, तर फूल येऊ दे. फूल आलं, तर कारलं लागू दे. मग भाजी कर. मग म्हणते, मला काय विचारतेस, सासऱ्याला विचार. कारलं लावल्यापासून तोडायला येईपर्यंत दोनेक महिने जातात. पावसाळ्यात आमच्याकडे हेच दोन महिने निंदण-डवरणीचे. पराटीत, म्हणजे कपाशीत, तण माजलेलं असताना घरातले दोन हात माहेरी कोण पाठवणार? सासू दुष्ट होती म्हणून नव्हे (काही होत्याही). घर त्या हातांवर चालायचं, आणि त्या हातांच्या मालकिणीला विचारायची कुणाची पद्धत नव्हती. ती पद्धत वाईटच होती. आपली आहे म्हणून मी तिच्यावर पांघरूण घालणार नाही.

तुझी पणजी, म्हणजे माझी आजी, बारा-तेरा वर्षांची असताना लग्न होऊन आपल्या दर्यापूरच्या गावात आली. माहेर अंजनगावकडे. मूर्तिजापूरहून दर्यापूर, अंजनगाव करत अचलपूरला जाणारी शकुंतला नावाची छोटी गाडी होती, १९९४ पर्यंत कोळशाच्या इंजिनावर चालायची. वावरातून तिचा धूर दिसायचा. पणजी सांगायची, "मले करमतच नव्हतं व माय. पन सांगू कोनाले? गाडी पाहून रडू आलं तं सासू म्हने, डोयात धूर गेला का व?" एवढ्या लांबचा धूर डोळ्यात कसा जाईल! सासूला सगळं कळत होतं. तीसुद्धा कुठल्या तरी गावाहून अशीच आलेली.

आता तुझी हायडी, डोंगरावर आजोबांपाशी राहणारी. योहाना श्पीरीबाईंनी १८८० च्या सुमाराला लिहिलेली. आजारी क्लाराच्या सोबतीला तिला फ्रँकफुर्टच्या वाड्यात नेताना मावशीने काय सांगितलं होतं, आठवतं? वाटेल तेव्हा परत येता येईल, येताना डोंगरावरच्या म्हातारीसाठी मऊ पांढरे पाव आणता येतील. इथेही 'नाही' कुणी म्हणालं नाही. डोंगर दिसेल म्हणून ती चर्चच्या मनोऱ्यावर चढली, आणि दिसली नुसती छपरं आणि धुराडी. पाव कपाटात साठवले, ते वाळून दगड झाले आणि फेकले गेले. घरी जायचंय म्हटलं तर आपण कृतघ्न ठरू, या भीतीने तिने रडू गिळलं. मग ते झोपेत बाहेर आलं. रोज सकाळी वाड्याचं दार उघडं! नोकरांना वाटलं भूत आहे.

एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नसेल. वाड्याचा कारभार पाहणाऱ्या रोटेनमायरबाई तिला हायडी म्हणतच नाहीत, 'आडेलहाइड' म्हणतात. पणजीचंही लग्नात नाव बदललं. ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवं नाव लिहितात. जुन्या नावाने हाक मारणारी माणसं सगळी अंजनगावला राहिली. आणि गाण्यातल्या सुनेला तर नावच नाही, ती नुसती 'सून'.

हायडीला डॉक्टर भेटला. त्याने एका रात्रीत ओळखलं आणि 'उद्याच्या उद्या घरी पाठवा' म्हणाला. तुमच्या या स्वित्झर्लंडमध्ये घराच्या आठवणीला १६८८ सालीच बाझेलला योहान्नेस होफरने प्रबंध लिहून रोग ठरवलं होतं, नॉस्टॅल्जिया हे नाव त्याचंच. पणजीला कुठला डॉक्टर? भेटला असता तरी टॉनिक देऊन परत निंदायला पाठवलं असतं. पण तिच्याकडे महिनाभर गल्लीतल्या पोरी होत्या, एकच दुखणं टाळ्या वाजवत म्हणणाऱ्या. म्हणून त्या हसत होत्या. हायडीच्या त्या मोठ्या घरात क्लारा होती, पण क्लाराला तरी ती हे कुठे सांगू शकली?

मलाही इथे पहिल्या हिवाळ्यात करमत नव्हतं. ट्रॅमने शेवटच्या थांब्यापर्यंत जायची आणि त्याच ट्रॅमने परत यायची. आजीला फोनवर सांगायची, मजेत आहे. आजी म्हणायची, "हो, आवाजावरूनच समजते."

हिचं काय झालं, ते राहिलंच. रविवारी रेंज गेली म्हणून आपल्याला शेवट ऐकू आला नाही. सासू, सासरा, दीर सगळ्यांना विचारून होतं, आणि शेवटी फणी आणवतात, तिची वेणी घालतात आणि तिला माहेरी जाऊ देतात. पिल्लू, ती पोचते.

स्वेटरखाली मोज्यांमध्ये एक डबा आहे. उघडायच्या आधी हलवून आवाजावरून ओळख, आत काय आहे ते. भुलाबाईचा खाऊ ओळखल्याशिवाय मिळत नाही. आणि कपाटात साठवू नकोस, मैत्रिणींना दे.

तुझी,
आई