सेफेरवर पहिल्यांदाच बोलावलंय, पण हिब्रू वाचता येत नाही. काय करू?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही बेने इस्राएली (कोकणातल्या ज्यू समाजातले), पण वाढलात महाराष्ट्राबाहेर. चुलतभावाच्या मुलाची बार मिट्स्वा (तेराव्या वर्षीचा धार्मिक विधी) आहे, शब्बाथला, म्हणजे शनिवारी, सकाळी सिनेगॉगमध्ये सेफेरवर (तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळीच्या वाचनाला) तुम्हालाही बोलावणार आहेत, आणि हिब्रू येत नाही म्हणून नको म्हणावं असं तुमच्या मनात आहे.

कृपा करून नको म्हणू नका.

मुख्य म्हणजे वाचायचं तुम्हाला नाहीच. सेफेर तोराची चर्मपत्रावरची अक्षरं हातानं लिहिलेली असतात, त्यात ना स्वरचिन्हं, ना विरामचिन्हं, ना सुरांच्या खुणा. आधी तयारी केल्याशिवाय ते नीट वाचता येत नाही. म्हणूनच वाचतो तो हझान (प्रार्थना चालवणारा), किंवा त्या दिवशी तयारी करून आलेला मुलगा. वर बोलावलेल्या माणसानं म्हणायचे ते दोन आशीर्वाद, एक वाचनाच्या आधी आणि एक नंतर. मधल्या वेळात हझानच्या शेजारी उभं राहून, चांदीचा दर्शक ज्या ओळीवरून सरकतो तिच्यावर नजर ठेवायची. मनात हलकेच त्याच्याबरोबर म्हणता आलं तर उत्तम, नाहीतर मन लावून ऐका.

आशीर्वाद देवनागरीत लिहून मागा. आमच्याकडे मराठी अक्षरांत हिब्रू प्रार्थना वाचणारे खूप जण आहेत, त्यात कमीपणा नाही. सुरुवात 'बारेखू'नं होते. तुम्ही पहिली ओळ म्हणता, सगळी मंडळी उत्तर देते, तेच उत्तर तुम्ही पुन्हा म्हणता आणि मग पुढचा आशीर्वाद. (देवाचं नाव येतं म्हणून पूर्ण ओळ मी इथे लिहीत नाही. सरावातही त्या जागी 'हाशेम' (म्हणजे 'ते नाव') म्हणा, खरं नाव वर उभं राहिल्यावरच.) मोठ्यानं म्हणा. मंडळींना ऐकू गेलं तरच त्यांना आमेन म्हणता येतं, आणि तुमच्या आशीर्वादाला त्यांचं आमेन जोडलं जाणं हाच त्या क्षणाचा गाभा आहे.

तेरा वर्षांचा असताना मी दुसऱ्या आशीर्वादात मधेच थांबलो होतो. पुढचा शब्द आठवेना. हझाननं मान न वळवता तो शब्द माझ्या कानात सांगितला आणि मी पुढे गेलो. घरी आल्यावर वडील एवढंच म्हणाले, "आवाज शेवटपर्यंत पोचला." चाळीस वर्षं झाली त्याला, मला तेच वाक्य लक्षात आहे.

बाकीच्या गोष्टी सोप्या आहेत. तेव्यावर (वाचनाच्या चौथऱ्यावर) जाताना जवळच्या वाटेनं जा, उतरताना लांबच्या वाटेनं. जायची घाई आणि निघायचं जिवावर आलेलं, असा त्याचा भाव. आपल्याकडे सेफेर बहुतेक ठिकाणी कडक पेटीत उभा ठेवूनच वाचतात, त्यामुळे वाकावं लागत नाही. चर्मपत्राला बोट लावू नका. सिसीथचा (प्रार्थनेच्या शालीचा) गोंडा ओळीपाशी टेकवून त्याचं चुंबन घ्या. वाचन झालं की लगेच खाली येऊ नका, पुढच्या माणसाचं वाचन संपेपर्यंत तिथेच बाजूला थांबा. शब्बाथला सकाळी सात जणांना बोलावतात. पहिला मान कोहेनचा (पुरोहित वंशातल्याचा), दुसरा लेवीचा (मंदिरसेवकांच्या वंशातल्याचा). आपल्या समाजात परंपरेनं कोहेन नाहीत, त्यामुळे कुणी पाहुणा कोहेन नसला तर पहिल्याच जागी तुमचं नाव येऊ शकतं, दचकू नका. सख्खे भाऊ किंवा बापलेक लागोपाठ बोलावत नाहीत. तुमचा भाऊ येणार असेल तर शमाशला (सिनेगॉगच्या सेवकाला) आधीच सांगून ठेवा. देणगी बोलायची असेल तर फक्त बोला, पैसे शब्बाथ संपल्यावर द्यायचे. मोबाइल घरी ठेवा.

आता, मी एवढा आग्रह का धरतोय ते सांगतो. कोकणातल्या आपल्या पूर्वजांकडे कित्येक शतकं सेफेर नव्हताच. शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. सुंता होती, खवल्यांचेच मासे खाणं होतं आणि 'शेमा' (देव एकच आहे असं सांगणारी प्रार्थना) तोंडपाठ होता. वाचायला ग्रंथ मात्र नव्हता. टिपूच्या कैदेतून सुटलेल्या सामाजी हसाजी दिवेकरांनी 1796 मध्ये मुंबईत मांडवीला पहिलं सिनेगॉग बांधलं, जुनी माणसं तिला अजून 'जुनी मशीद' म्हणतात. त्या सिनेगॉगसाठी सेफेर आणायला ते कोचीनला गेले आणि तिथेच वारले, असं आमच्यात सांगतात. ज्या गुंडाळीसाठी त्यांनी एवढा प्रवास केला, तशाच गुंडाळीजवळ तुम्हाला उभं राहायला मिळतंय.

एक काम मात्र आजच करा. शमाश तुम्हाला हिब्रू नावानं पुकारेल, तुमचं नाव, 'बेन' (म्हणजे मुलगा), मग वडिलांचं नाव. सामाजी हसाजी म्हणजे शमुएल बेन यहेझकेल, तसंच. वडिलांचं हिब्रू नाव ठाऊक नसेल तर आईवडिलांच्या लग्नाचा केथुबा (विवाहाचा करारपत्र) काढून बघा, त्यात लिहिलेलं असतं. ते कागदावर उतरवून शुक्रवारी दुपारपर्यंत शमाशच्या हातात द्या.